नानांचा लाल पेन

नानांनी मला पहिल्यांदा विचारला तो शब्द होता ‘आउट’.

एरंडोलला तहसील कचेरीसमोर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रस्त्यापलीकडे पत्र्याच्या शेडखाली दामूनाना बसायचे. ते अर्जनवीस. लोकांचे अर्ज, खरेदीखतं, वाटणीपत्रं लिहून द्यायचे. एके दिवशी त्यांनी सायकल आणून उभी केली. मी चाक फिरवून बघितलं आणि म्हणालो, “नाना, चाक आउट आहे.”

“आउट म्हणजे? खेळातून गेलं?”

मला हसू आलं. मग मी दाखवलं. चाक फिरताना ब्रेकच्या रबराला एका बाजूला घासतं, दुसऱ्या बाजूला फट पडते. एका बाजूच्या आऱ्या आवळायच्या, दुसऱ्या ढिल्या करायच्या, असं करत करत चाक सरळ आणायचं. त्याला आउट काढणं म्हणतात. नाना उकिडवे बसून अर्धा तास बघत राहिले. उठताना म्हणाले, “आम्ही तिकडे दुरुस्ती-लेख म्हणतो त्याला. तुमचा शब्द बरा आहे. डोळ्यांना दिसतो.”

मी चौथी शिकलेलो. आमच्या कामालाही शब्द असतात आणि ते कोणी शिकून घ्यावेत, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला, कमलला, तीनदा सांगितलं. ती म्हणाली, “समजनं, समजनं. आते जेवा.”

नाना उंचीला कमी, रंगाने सावळे, पांढरा पायजमा आणि इस्त्री नसलेला पण धुतलेला सदरा. खिशात दोन पेन. निळा लिहायला. लाल कशाला, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. कागद लिहून झाला की नाना तो माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचे. वाचताना कागदाकडे कमी आणि माणसाच्या तोंडाकडे जास्त बघायचे. तोंड जिथे कोरं दिसलं, तिथल्या शब्दाखाली कच्च्या प्रतीवर लाल रेघ. वाचून झालं की एकेक लाल शब्द सोडवत बसायचे. आणि शेवटी, “आता तू सांग, काय लिहिलंय. तुझ्या भाषेत.” माणसाला सांगता आलं तरच सहीला पेन हातात द्यायचे. घाईवाले लोक चिडायचे. पलीकडच्या टपरीतला दुसरा अर्जनवीस पाच मिनिटांत कागद हातात देतो, नाना तास लावतात, म्हणून अर्धं गिऱ्हाईक तिकडेच जायचं.

शब्द सोडवायची त्यांची एक रीत होती. आधी विचारायचे, “काम काय करतोस?” गवंडी असेल तर गवंड्याच्या कामातलं उदाहरण, शिंपी असेल तर कापडातलं. म्हणायचे, “शब्द अवघड नसतो रे. परका असतो. जरा बसवून घेतला, पाणी दिलं, की बोलायला लागतो.”

एकदा एक म्हातारा काठी आपटत शेडमध्ये आला. मागे चार माणसं. “मन्हा उतारामा कोणी फेरफार करा? नाव सांगा त्यान्हं!” हातात तलाठ्याकडून आणलेला कागद, त्यावर ‘फेरफार क्रमांक’ असं लिहिलेलं. कोणीतरी त्याला ते वाचून दाखवलं होतं आणि फेरफार म्हणजे लबाडी एवढंच त्याला माहीत. नाना शांत. “भाऊ, बठ. पाणी पे.” तो बसला. नाना म्हणाले, “तुन्हा बाप वारना, त्यानी जागावर तुन्हं नाव लागनं. याले आठे फेरफार म्हणतस. चोरी नही, नोंद शे.” म्हाताऱ्याने काठी खाली ठेवली. मग म्हणाला, “मंग तसं लिखानं ना! मी घर काठी घेवाले गयथू.” सगळी शेड हसली. नानाही हसले, पण मग मला म्हणाले, “हसण्यासारखं नाही ते. एका शब्दापायी त्याने डोकं फोडलं असतं कोणाचं.”

दुसरी एक बाई. नवरा गेलेला, पोराचं नाव उताऱ्यावर लागलं, आणि वय कमी म्हणून पुढे लिहिलं ‘अज्ञान’. ती नानांवरच धावून आली, “मन्हा पोऱ्या वर्गमा पहिला येस! त्याले अज्ञान कोणी लिखं?” नाना म्हणाले, “ताई, इथे अज्ञान म्हणजे अठरा वर्षांच्या आतला. तुझा पोरगा ज्ञानेश्वर असला तरी अठरापर्यंत सरकार त्याला अज्ञानच म्हणणार.” ती म्हणे, “मंग सरकारलेच शिकाडा.” नानांनी हे वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

एका शब्दावर मात्र ते विनोद करायचे नाहीत. ‘इतर हक्क’. उताऱ्यावर तसा एक रकाना असतो. पूर्वी बाप गेला की भावांची नावं मालक म्हणून लागायची आणि बहिणींची नावं त्या ‘इतर’मध्ये. असा उतारा समोर आला की नाना चष्मा काढायचे. “घरात सख्खी, उताऱ्यावर इतर,” एवढंच म्हणायचे आणि कामाला लागायचे.

मलाही त्यांनी एकदा पकडलं होतं. कॉलेजच्या एका पोरीची सायकल आली. फ्रीव्हीलमध्ये माती बसली होती, रॉकेलने धुतलं असतं तर चाललं असतं. मी म्हणालो, “फ्रीव्हील गेलं, नवीन टाकावं लागेल.” पलीकडून नाना आले, “कुठे गेलं?” मी म्हटलं, गेलं म्हणजे खराब झालं. “मग ते तिला दाखव. मला दाखवलंस ना आउट?” मी फ्रीव्हील धुऊन दिलं. राग आला होता. कमल डबा घेऊन आली तेव्हा तिने ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. ती नानांसाठी डब्यात एक भाकरी जास्त आणायची. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरून खिरीचं पातेलं आमच्याकडे यायचं. कमल ते पातेलं रिकामं परत पाठवायची नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो.

माझा बाप गेला. गावाकडे आमची साडेतीन एकर जमीन. वारस दोघं, मी आणि माझी धाकटी बहीण वत्सला. आम्ही तिला वच्छी म्हणतो. ती चाळीसगावला दिलेली. शेताच्या कडेचा रस्ता मोठा झाला होता आणि माझ्या पोराला तिथे गॅरेज टाकायचं होतं. मला जमीन एकट्याच्या नावावर पाहिजे होती. मी वच्छीला तसं विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती. मी विचारलं नाही. फोन केला, “बापाच्या नावाचा कागद करायचा आहे, सहीला ये.” ती आली. येताना कमलला साडी घेऊन आली.

कागद होता हक्कसोडपत्र.

नानांकडे नेलं, कारण तीस वर्षं समोर बसलेल्या माणसाला टाळून टपरीत गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं. मला वाटलं, माझ्यासाठी नाना तेवढं वाचणं आवरतं घेतील. नानांनी कागद लिहिला, वाचायला लागले. ‘सदर मिळकतीवरील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने कायमचा सोडून देत आहे.’ वाचताना वच्छीच्या तोंडाकडे बघत होते. थांबले. लाल पेन काढला.

“काय समजनं तुले, सांग.”

वच्छी म्हणाली, “बापनं नाव निंघी. दादाबरोबर मन्हं बी नाव लागी.”

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मान दुसरीकडे वळवली. नाना तिला म्हणाले, “नही बाई. यामा तुन्हं नाव निंघी जाई. जमीन बठ्ठी भाऊनी व्हई.”

वच्छीने माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही, नुसतं विचारल्यासारखं. आणि मी म्हणालो, “वच्छे, कागदनी भाषा तशीच ऱ्हास. नाना जुना माणूस शे, काहीतरी जुनं सांगस. तू सही कर.”

ती हसली. नानांना म्हणाली, “नाना, मन्हा भाऊ माले फसाडी का?”

नानांनी पेनला टोपण लावलं. निळ्या आणि लाल, दोन्ही पेनांना. “हा कागद माझ्याकडून होणार नाही,” मला म्हणाले. शुद्ध भाषेत, परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

शेडमध्ये सात-आठ माणसं होती. मी ओरडलो, “आमच्या बापजाद्यांची जमीन आहे, नाना. तुमच्या घरात कधी उतारा आला होता का? तुम्ही लोकांचे वाचत बसा.”

मी काय बोललो ते सगळ्यांना समजलं. कशावरून बोललो तेही समजलं. त्यांच्या आज्याने लोकांच्या शेतात राबण्यात जन्म काढला, हे गावाला माहीत होतं आणि तेच मला म्हणायचं होतं. त्याला लाल रेघेची गरज नव्हती. नानांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला म्हणाले, “ये भाऊ. काम काय करतोस?”

टपरीत कागद पाच मिनिटांत झाला. पलीकडे कचेरीत साहेबांनी वच्छीला विचारलं, “मान्य आहे ना?” ती म्हणाली, “मन्हा भाऊ शे ना.” फोटो काढला, अंगठा घेतला. मी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि कमलने दिलेली शेवेची पुडी तिच्या मांडीवर ठेवली.

कमलला मी सांगितलं नव्हतं. तिला शेडमधल्या कोणीतरी सांगितलं. ती भांडली नाही. त्या दिवसापासून डब्यात एक भाकरी कमी झाली, कारण मी तिला नानांकडे जाऊ देत नव्हतो. आणि राखीला वच्छी येऊन गेली की दर वेळी कमल एकच विचारायची, “वच्छीले कव्हय सांगशात?” मी म्हणायचो, सांगू. नानांशी दोन वर्षं बोललो नाही. समोरासमोर बसून दोन वर्षं न बोलणं सोपं नसतं. मी दुकानाचं तोंडच दुसऱ्या बाजूला करून घेतलं.

मग कमल आजारी पडली. जळगावला तपासलं, तिथून धुळ्याला मोठ्या दवाखान्यात. पोटात गाठ होती. तीन महिने औषधं झाली. एका सकाळी मोठे डॉक्टर आले, फाईल बघितली आणि मला म्हणाले, “काका, आता आपण पॅलिएटिव्ह करू.”

मी हात जोडले. म्हटलं, “करा साहेब. कधी सुरू करता?”

त्यांना वाटलं मला समजलं. मला वाटलं नवीन औषध निघालं. मी खाटेजवळ जाऊन कमलला सांगितलं, “उद्यापासून नवी ट्रीटमेंट. मोठी आहे. नावही मोठं आहे.” तिने डोळे मिटून मान हलवली. मी पोराला फोन केला, गावाला फोन केला, आनंदाने सांगत सुटलो. कॅन्टीनमधून शेजारच्या खाटेवाल्यांना पेढे आणून दिले. त्या खाटेवरच्या पेशंटची बायको पेढा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. ती शिकलेली होती.

दुपारी खिडकीवरच्या पोराने कागद पुढे केला, सही करा. मी म्हटलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, “बाबा, कागदाची भाषा तशीच असते. करा.”

हेच वाक्य शेडमध्ये मी वच्छीला म्हणालो होतो. माझा हात काही पुढे जाईना. म्हटलं, उद्या करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी नाना उभे. पारोळ्यावरून येणाऱ्या पहिल्या बसने आले होते. माझ्या पोराने एरंडोलला जाऊन मोठ्या आनंदाने सांगितलं होतं, आईला नवीन ट्रीटमेंट, पॅलिएटिव्ह नावाची. नानांनाही तो शब्द माहीत नव्हता. म्हणूनच आले. आल्यावर माझ्याशी बोलले नाहीत, आधी डॉक्टरांच्या दारात जाऊन बसले. दीड तास. आत गेले ते विचारायला, “साहेब, हा शब्द मी सायकलवाल्याला कसा सांगू?” हे मला नंतर नर्सने सांगितलं.

बाहेर आल्यावर मला कॉरिडॉरच्या टोकाला नेलं. मी म्हणालो, “नाना, तेव्हा मी...”

“ते राहू दे. ऐक. वहिनी बऱ्या होणार नाहीत. आता गाठीला औषध नाही. दुखणं कमी करायचं औषध देणार, तेवढाच त्या शब्दाचा अर्थ. ते घरीही देता येतं, मी विचारलं. सांग आता, काय समजलं?”

मला सांगता येईना. ते थांबले. लोक ये-जा करत होते, स्ट्रेचर गेलं, नाना थांबले. शेवटी मी म्हणालो, “ती मरणार आहे.”

“हो.”

पेढे वाटले होते मी.

कमलला मीच सांगितलं, नाना दाराबाहेर उभे राहिले. ती म्हणाली, “मंग घर चला.” अठरा दिवस घरी होती. अंगणात खाट टाकली होती, येणारा-जाणारा बोलून जायचा. नाना रोज संध्याकाळी यायचे, पायथ्याशी स्टुलावर बसायचे, दिवसभरातली गिऱ्हाइकांची गंमत सांगायचे. शेवटी शेवटी तिला बोलायला त्रास व्हायचा, तरी एकदा तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी मागते. तिने विचारलं तेच, जे दर राखीला विचारायची. मी म्हणालो, सांगतो. ती गेली तोवर सांगितलं नाही.

कमलच्या दिवसांना वच्छी तेरा दिवस राहिली. माझ्यासाठी स्वयंपाक केला, माझे कपडे धुतले. तेव्हाही मी सांगितलं नाही. लोक म्हणतात सांगायचं राहून गेलं. राहून बिहून काही गेलं नाही, मी सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी मी नानांच्या घरी गेलो. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यामुळे त्यांनी शेडमध्ये बसणं सोडलं होतं. म्हटलं, नाना, निम्मी जमीन वच्छीच्या नावावर करायची आहे. कागद करून द्या.

“बक्षीसपत्र करावं लागेल,” नाना म्हणाले.

“करा.”

“तिला काय सांगणार आहेस?”

मी ठरवूनच आलो होतो. म्हटलं, “सांगेन की कमलच्या आठवणीसाठी भाऊ देतोय.”

नानांनी चष्मा काढला. नंतर म्हणाले, “तिचंच तिला देणार आणि वर बक्षीस म्हणणार?”

“शब्द तुम्हीच सांगितला ना!”

“कायद्याला तो शब्द लागतो, त्याला माझा इलाज नाही. कागदावर मी बक्षीस लिहीन. तोंडाने तू दुसरा शब्द वापरायचा. तो तू आधी वापर, मग मी लिहितो.” आणि थोड्या वेळाने, “तिने घेतली तर जमीन घेईल, नाही घेतली तर नाही. पण दुसऱ्यांदा फसवायची नाही.”

वच्छीला मी नानांच्या घरीच बोलावलं. एकट्याने सांगायची छाती नव्हती. नानांच्या बायकोने चहा ठेवला. मी सतरंजीकडे बघत म्हणालो, “वच्छे, मी तुले फसाडं.” मग सगळं सांगितलं, शेड, टपरी, साडेतीन एकर. किती वेळ लागला माहीत नाही. चहावर साय आली.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती नानांकडे वळली.

“तव्हय तुम्ही माले हाईच सांगं व्हतं का?”

“हो बाई.”

“आन् मी तुमले हसनू.”

नाना म्हणाले, “तू भावाचं ऐकलंस. त्यात तुझं काय चुकलं?”

माझ्याशी ती एक शब्दही बोलली नाही. महिन्याभराने सहीला आली. नानांनी सांगितलेला मजकूर कॉम्प्युटरवर टाईप झाला होता, तीन पानं. नाना कागद डोळ्यांजवळ धरून वाचायला लागले, तर ती म्हणाली, “द्या, मी वाचस.” तीही चौथी शिकलेली, माझ्याइतकीच. कचेरीच्या बाकावर बसून तिने बोट फिरवत एकेक ओळ वाचली. अडली की नानांना विचारायची. मागे रांग खोळंबली, साहेबांनी दोनदा बघितलं, नाना म्हणाले, “वाचू द्या, साहेब.” पाऊण तास लागला. मी भिंतीला टेकून उभा होतो. ‘बक्षीस’ या शब्दावर तिचं बोट थांबलं. तिने मान वर केली नाही. नानांनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. बोट पुढे सरकलं. मग तिने सही केली.

त्यानंतर नाना फार दिवस नव्हते. शेडमध्ये मी जे बोललो त्याची माफी मी मागितली नाही. दवाखान्यात त्यांनी मला थांबवलं होतं, पण ते एकदाच. पुढे ते जाईपर्यंत मी त्यांच्या घरी जात होतो, चहा पीत होतो. त्यांनी काही मला रोज थांबवलं नसतं.

त्यांना मी नीट बघितलं ते त्या सहीच्या दिवशीच. काम झाल्यावर मी म्हणालो, वच्छे, चल, गाडीत बसवून देतो. तिने ऐकलं नाही. नानांनी तिची पिशवी उचलली आणि दोघं स्टँडकडे चालायला लागली. नानांना नीट दिसत नव्हतं, म्हणून रस्ता ओलांडताना तिने त्यांचा दंड धरला होता. मी पंचवीस-तीस पावलं मागे. चाळीसगावची गाडी लागलेली होती. नानांनी कंडक्टरशी बोलून तिला खिडकीची जागा मिळवून दिली. खाली उतरले आणि खिडकीशी उभे राहून तिच्याशी बोलत राहिले. ती बोलायला लागली होती, हातवारे करून, आणि एकदा हसलीसुद्धा. मी रसवंतीच्या आडोशाला उभा राहून बघत होतो. गाडी निघाली तेव्हा नानांनी हात वर केला. मला माहीत आहे, त्यांना गाडी नीट दिसत नसणार. तरी ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ त्यांनी हात खाली घेतला नाही.

माझ्याकडे वळून बघण्याचं वच्छीला कारण नव्हतं.